न घासलेली खापरं

माझं लहानपण एका तळ्याकाठच्या छावणीत गेलं असं सांगितलं की लोकांना वाटतं, आम्ही सहलीला जायचो. सहल कसली! तिथे उत्खनन चालायचं. खणणारे वेगळे होते. माझे बाबा खणून निघालेली खापरं धुवायचे आणि आई तीस माणसांना दोन वेळा जेवायला घालायची. वर्षातले तीन महिने, अशी पाच वर्षं. मी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा गेले, दहा वर्षांची असताना शेवटचं. शाळेची पुस्तकं बरोबर असायची, पण ती बहुतेक वेळ पेटीतच पडून असायची.

काम चालवायचे ते थोरले सर. त्यांच्या हाताखाली आणखी एक सर होते, म्हणून हे थोरले. उंच, उन्हाने रापलेले, आणि बोलायला लागले की ऐकणारा हातातलं काम विसरायचा. त्या तळ्याकाठी सात हजार वर्षांपूर्वी माणसं राहून गेली होती. त्यांना शेती ठाऊक नव्हती. शिकार करायची, मासे धरायचे, कंद आणि फळं गोळा करायची, असं त्यांचं चालायचं. तरीही त्यांनी मातीची भांडी घडवली होती. जाड, ओबडधोबड, बुडाशी निमुळती. नांगर नाही, धान्य नाही, मग या लोकांना भांडी हवी होती कशाला, हा सरांना पडलेला प्रश्न. त्यांचं स्वतःचं मत असं की ती साठवणीची असतील, नाहीतर कसल्यातरी विधीची. शिजवायची नक्कीच नव्हेत.

बाबा पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. समोर पाण्याचं घमेलं, हातात ब्रश. खापर घासायचं, चुना धरला असेल तर पातळ आम्लात बुडवायचं, पुन्हा धुवायचं, जाळीवर वाळत टाकायचं, आणि वाळलं की टाकाने काळ्या शाईत त्यावर बारीक नंबर घालायचा. अक्षर असं, की छापल्यासारखं वाटावं. छावणीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे ‘नंबरवाले’च म्हणायचे. मी जाळीपाशी बसून खापरं उलटीपालटी करायचे आणि आपण फार मोठं काम करतोय असं समजायचे.

आईचं स्वयंपाकघर शेडच्या मागे होतं. दोन चुली, एक लांब टेबल आणि मला आत बसवून अंघोळ घालता येईल एवढं एक पातेलं. आईला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण भांडं मात्र ती बरोबर वाचायची. कोणी पातेलं कसंही घासून आणलं तरी ती उजेडात धरून म्हणायची, “दूध लागलं होतं ना? आच मोठी ठेवली होतीस.” आणि ते खरं असायचं.

मी नऊ वर्षांची असताना एक दिवस दुपारी ती चहा घेऊन शेडमध्ये आली. बाबा एका मोठ्या खापरावर वाकून ब्रश चालवत होते. भांड्याच्या काठाचा तुकडा होता, आतून त्याला काळा, खरबरीत थर धरलेला. आईने चहा खाली ठेवला आणि त्यांचं मनगटच धरलं.

“अहो, थांबा. हे काय घासताय?”

“घाण आहे ती. सरांनी सांगितलंय, मूळ माती दिसली पाहिजे.”

“घाण नाही ती. जळलंय हे.” तिने खापर हातात घेतलं आणि दाराशी उजेडात नेलं. “हे बघा. काठाच्या खाली दोन बोटं सोडून कड धरली आहे. म्हणजे भांडं इथपर्यंत भरलेलं होतं. आणि हा बाहेरचा ओघळ. उतू गेलंय. सुकं काही उतू जातं का? यात पातळ काहीतरी उकळत होतं. एकदा नाही, पुष्कळदा.”

“काय उकळत होतं?”

“ते मला काय माहीत? मटण असेल. एवढी शिकार करत होते म्हणता ना.”

त्या दिवशी जेवताना तिने हे थोरल्या सरांना सांगितलं. सांगताना ती वाढत होती, त्यामुळे कोणाला ते फार गंभीर वाटलं नसावं. सरांनी नीट ऐकून घेतलं, हे खरं. मग ते हसून म्हणाले, “बाई, ही माणसं मांस आगीवर भाजून खायची. भांड्यात शिजवणं शेतीबरोबर आलं. तुम्ही त्या काळात असता तर त्यांना शिकवलं असतं.”

टेबलावरचे सगळे हसले. मी सरांच्या शेजारी बसले होते. तिथे बसायला मिळणं हा माझा मोठा मान होता. मीही हसले. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच, कारण सरांनी माझ्याकडे बघितलं होतं.

आईने त्यांच्या ताटात आणखी एक डाव वाढला आणि म्हणाली, “जेवा तुम्ही. गार होतंय.”

झालं ते एवढंच. पुढच्या वर्षीही आम्ही छावणीत गेलो. मग काम बंद पडलं. खापरं पेट्यांत भरून शहरातल्या कोठारात गेली, बाबा एका छापखान्यात लागले, आई घरच्या तीन माणसांचा स्वयंपाक करू लागली. ती गोष्ट घरात पुन्हा कोणी काढली नाही.

छावणीमुळे मी रसायनशास्त्राकडे वळले, असं म्हणायला बरं वाटतं. खरं कारण हे की त्या विषयात मला चांगले मार्क पडायचे. जुन्या भांड्यांत मुरलेली चरबी ओळखायचं काम माझ्याकडे आलं ते बऱ्याच उशिरा, चाळिशीनंतर. भाजलेल्या मातीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. भांड्यात काही शिजलं की त्यातली चरबी छिद्रांत मुरते आणि नशीब असेल तर हजारो वर्षं तशीच राहते. आम्ही खापराचा वरचा पापुद्रा बारीक ड्रिलने काढून टाकतो, कारण त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचे हात लागलेले असतात. आतली माती खलात कुटायची, द्रावणात गरम करून चरबी बाहेर काढायची आणि ती यंत्रात सोडायची. यंत्रात केसाएवढी बारीक, तीस मीटर लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. चरबीतला एकेक घटक त्या नळीतून आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावरच्या रेघेला एकेक टोक येतं. टोक कुठे आलं, त्यावरून पदार्थ ओळखायचा. आमचा यंत्रवाला इतकी वर्षं ती टोकं बघत आलाय, की प्रयोगशाळेत त्याचं नाव ‘शिखर’ पडलं आहे.

गेल्या वर्षी त्या तळ्याकाठच्या खापरांची तपासणी करायचं ठरलं आणि काम माझ्या टेबलावर आलं. कोठारातून चाळीस तुकडे आले. पहिली पिशवी उघडली आणि मला बाबांचा नंबर दिसला. मी हातमोजे घालून तो तुकडा बराच वेळ नुसता धरून बसले. मग ड्रिल लावला, नंबर मात्र सांभाळून.

तीन आठवड्यांनी शिखरने मला बोलावलं. पडद्यावर रेघ जवळजवळ सपाट होती. एकच उंच टोक होतं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“प्लॅस्टिक. पिशवीतलं. सात हजार वर्षांपूर्वीचं म्हणून छापूया, नाव होईल आपलं.”

“बाकी काहीच नाही?”

“चाळिसांत तीन जागी थोडीशी चरबी आहे. कशाची ते सांगता येणार नाही इतकी कमी. कोणीतरी या खापरांना मन लावून धुतलंय. आम्लात बुडवलंय, वरून कसलासा लेपही दिलाय. ज्याने हे केलं त्याला शोधून काढलं पाहिजे.”

“तो माझ्या घरी असतो,” मी म्हटलं.

शिखरला आधी ती थट्टाच वाटली.

बाबा आता ऐंशी वर्षांचे आहेत. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ते माझ्याकडेच असतात. कानाला यंत्र आहे, पण ते त्यांना हवं तेव्हाच चालू असतं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. सांगताना त्यांना दोष दिल्यासारखं वाटू नये म्हणून फार जपत होते. तेव्हा सगळीकडे असंच धुवायचे, हा काही तुमचा एकट्याचा दोष नाही, वगैरे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ठिपकेवाली बघितलीस का?”

“कसली ठिपकेवाली?”

“नंबराच्या पुढे ठिपका आहे अशी. ती घासलेली नाहीत.”

“म्हणजे?”

“तुझी आई म्हणाली, हे असं काळं लागलेलं दिसलं की घासू नका, बाजूला ठेवा. पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मी म्हटलं, सर ओरडतील. ती म्हणाली, सरांना सांगायचंच कशाला? मग मी नुसती माती झटकायचो आणि नंबर घालून पुढे एक ठिपका द्यायचो. आपली खूण. ती कागदात गुंडाळून पेटीत अगदी तळाशी ठेवायचो.”

“ती म्हणाली? कधी?”

“त्याच दिवशी. जेवणं झाल्यावर. सगळे हसले होते ना, त्या दिवशी.”

म्हणजे त्यांना आठवत होतं. माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी माझ्यापुढची कपबशी उगाचच सरळ केली.

“बाबा, एवढी वर्षं सांगितलं का नाहीत?”

“विचारलं कोणी?” ते म्हणाले. “आणि सांगून काय होणार होतं? तेव्हा तुझं ते यंत्र तरी कुठे होतं?”

दुसऱ्या दिवशी मी कोठारात गेले. कोठारवाली माझ्याच वयाची आहे, पेट्यांना हात लावू देणं तिच्या जिवावर येतं. पण मी बाबांची हकिगत सांगितली तेव्हा तिने स्वतः शिडी लावली. एकेका पेटीत दोन-तीनशे खापरं. तळाशी गेलो तेव्हा वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदात गुंडाळलेली पहिली पुडी हाताला लागली. उघडली. नंबर, आणि पुढे एक ठिपका, टाकाच्या टोकाने अगदी नेमका दिलेला.

“हे तर मी पेट्यांची यादी करताना बघितलंय,” कोठारवाली म्हणाली. “मला वाटायचं शाई गळली.”

“त्यांची शाई कधी गळायची नाही,” मी म्हटलं, आणि माझ्या आवाजातला अभिमान माझा मलाच ऐकू आला.

दोन दिवसांत एकतीस पुड्या निघाल्या. प्रत्येक खापराला आतून काळा थर होता, काठापासून दोन बोटं खाली. एका तुकड्यावर बाहेरचा ओघळही होता. मी तो खिडकीपाशी उजेडात धरला, आई धरायची तसा. तेव्हा मला ती शेड दिसली, ओल्या मातीचा वास आला, घमेल्यातलं गढूळ पाणी, आईच्या ओल्या हातातला चहाचा पेला. इतक्या वर्षांत ती मला अशी समोर दिसली नव्हती. आजारपणातली दिसायची. त्या खिडकीत ती पस्तिशीची होती.

पुढचे दीड महिने आम्ही त्या एकतीस तुकड्यांवर काम केलं. यावेळी मला शिखरने बोलावलं नाही, तोच माझ्या टेबलापाशी आला आणि कागद पुढे ठेवून उभा राहिला. रेघेवर टोकांची दाटी होती.

“मासे,” तो म्हणाला. “शंका घ्यायला जागा नाही. ही तीन टोकं बघ. माशांची चरबी मातीच्या भांड्यात पुष्कळ वेळ तापवली तरच ही आम्लं तयार होतात, एरवी नाही. एकतिसातल्या सव्वीस तुकड्यांत आहेत.”

“म्हणजे शिजवत होते.”

“शिजवत होते. तेच भांडं पुन्हा पुन्हा चुलीवर चढवत होते. कोण म्हणत होतं शिजवत नव्हते म्हणून?”

मी घरी जाऊन बाबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून त्या डोंगरांवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, आईचं बरोबर होतं. पातळ, उकळलेलं, आणि पुष्कळदा. फक्त मटण नव्हतं, मासे होते.

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, मी पाणी दिलं.

“तिला मासे कधी जमलेच नाहीत,” ते म्हणाले. “मोडायचे. म्हणून तिच्या डोक्यातच आलं नसणार.”

आम्ही शोधनिबंध लिहिला. लेखकांच्या यादीत मी आईचं नाव घातलं, माझ्या नावाच्या आधी. शिखरने काही विचारलं नाही. नियतकालिकाच्या संपादकांनी मात्र विचारलं की या लेखिकेची संस्था लिहायची राहिली आहे का. मी कळवलं, त्या हयात नाहीत, आणि संस्था म्हणून ‘उत्खनन छावणी, स्वयंपाकघर’ असं लिहावं. दोन पत्रं गेली-आली. पहिलं निरीक्षण त्यांचं होतं आणि नमुने त्यांच्या सांगण्यामुळे घासण्यापासून बचावले, हे मी सविस्तर लिहिलं. शेवटी त्यांनी जसं दिलं तसं छापलं.

अंक हातात आल्यावर बाबा म्हणाले, “सरांना दाखवायला हवा.”

थोरले सर आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. त्यांचं अर्धं आयुष्य त्या तळ्यावर गेलं, आणि आम्ही जाऊन त्यांना सांगणार की तुमचं चुकलं. पण बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, तेव्हा मी मुकाट्याने गाडी काढली.

सरांच्या सुनेने दार उघडलं. ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर चादर, एवढेसे झालेले. बाबांना बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“नंबरवाले! अजून आहात?”

“आहे, सर. तुम्हीही आहात की.”

मी अंक दिला. त्यांनी भिंग घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. पाऊण तास गेला. सून चहा ठेवून गेली, तो गार झाला. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, “एकतीसच तुकडे का?” बाबांनी जागच्या जागी ठिपक्यांची गोष्ट सांगितली, अगदी शाळेत चूक कबूल करावी तशी. सरांनी भिंग खाली ठेवलं.

“आपण एकूण किती धुतली हो?”

“अकरा हजार चारशे.”

“अकरा हजार चारशे,” सर म्हणाले. “आणि एवढीच राहिली, ती माझं ऐकलं नाहीत म्हणून.”

मग ते पुन्हा पहिल्या पानावर गेले आणि आईच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “यांनी मला कधी सांगितलं होतं का?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हो, सर. जेवताना. तुम्ही आईला म्हणालात, ‘तुम्ही त्या काळात असता तर त्यांना शिकवलं असतं.’”

“मी असं म्हणालो?” ते आठवायचा प्रयत्न करत होते. आठवलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं असावं. “मी हसलो होतो का?”

“सगळेच हसले होते. मीसुद्धा.”

हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलून दाखवलं. बाबांच्या समोर.

सर म्हणाले, “पाच वर्षं त्यांच्या हातचं जेवलो. स्वयंपाकाचं त्यांना कळतं, हे मला कळायला हवं होतं.” त्यांनी अंक मिटला नाही, तसाच मांडीवर उघडा ठेवला. “हा माझ्याकडे राहू दे. माझ्या पुस्तकात दुरुस्ती करायची आहे. सुनेला सांगतो, ती लिहून घेईल.”

त्यानंतर ते दोघे छावणीच्या गप्पांत शिरले. तळं कोणत्या वर्षी चढलं, तंबू कोणाचा उडाला, धाकट्या सरांचा बूट विहिरीत कसा पडला. प्रत्येक गोष्टीवर त्यांचं भांडण होत होतं आणि दोघेही खूश होते. मी पुस्तकांच्या कपाटाला टेकून ऐकत होते. दोघांच्याही आवाजांचं वय दर वाक्यागणिक उतरत होतं.

परत येताना बाबा गाडीत बराच वेळ बाहेर बघत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, “बाबा, मी तेव्हा हसले, ते आईला लागलं होतं का हो?”

“तू? तू नऊ वर्षांची होतीस.” ते म्हणाले. “तिने ते बघितलं होतं. रात्री म्हणाली, पोरगी सरांच्या बाजूला बसते ते बरं आहे, काहीतरी शिकेल.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता. मी गाडी पुढे घेतली.

“हंगाम संपला की सगळे निघून जायचे,” बाबा आपल्याच तंद्रीत बोलायला लागले. “आपण तिघं सामान बांधायला आणखी दोन दिवस राहायचो. तुला आठवतं? तिला तिघांचा स्वयंपाक करताच यायचा नाही तेव्हा. सवय गेलेली. इतकं करून ठेवायची की आपण दोन्ही दिवस तेच खायचो. आणि म्हणायची, मोठं पातेलं बांधायचं राहिलंय ना, म्हणून. ते बांधायचं काम ती मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवायची.”

“का?”

“तिला जावंसं वाटायचं नाही,” बाबा म्हणाले. “मला तरी कुठे वाटायचं.”